कर्नलचा खुबा

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्यालाही सांगितली नव्हती, आणि त्याला तर मी न विचारता सगळं सांगायची. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. सुरुवात कुठून करावी तेही धड कळत नाही — कुत्र्यापासून करू, की साळव्यांपासून?

कुत्र्यापासून करते. ते सोपं आहे.

कर्नल आमचा अल्सेशियन. काळा-तांबूस, रुंद छातीचा. गंगापूर रोडवर फिरायला निघालो की सायकलवाले उतरून बघत. सत्तरचं दशक संपत आलेलं. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. नाशकात तेव्हा अल्सेशियन पाळणारी आम्ही मोजकीच घरं होतो आणि आपापली कुत्री जावयासारखी मिरवायचो. त्यातली काही तरुणपणीच मागच्या पायांनी अधू व्हायची. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्यातल्या ज्या वाटीत बसायचा, ती वाटीच बशीसारखी उथळ. लोक म्हणायचे, कॅल्शियम कमी पडलं, नाहीतर नजर लागली. मी सगळ्यांना घरी बोलावलं, पोहे खाऊ घातले आणि चांगलं तासभर लेक्चर दिलं — हे आईबापांकडून येतं, त्यामुळे एक्स-रे काढायचा, खुबा वाईट निघाला तर ते कुत्रं जोडीला लावायचं नाही. पाळा, लाड करा, पण पिल्लं नकोत. सगळ्यांनी मान डोलावली. बाई शिकलेल्या, बाई म्हणतील ते.

एक्स-रे काढायचा माणसांच्या दवाखान्यात, दुपारी पेशंट नसताना, मागच्या दारानं. कुत्र्याला टेबलावर उताणं धरायचं आणि मागचे पाय सरळ ताणायचे. अंग जरा तिरकं झालं की एक सांधा असतो त्याहून वाईट दिसतो. जनावरांच्या डॉक्टरांचा जन्म गाई-म्हशींत गेलेला, त्यामुळे प्लेट खिडकीच्या उजेडाला धरून वाचायचं काम माझ्याकडे आलं. देवळालीच्या फर्नांडिसांचा प्रिन्स मीच बाद केला. त्यांचा चेहरा पडला. मला — खरं सांगू? — बरं वाटलं. नियम पाळला गेला म्हणून? की आता कर्नलच्या तोडीचं कुणी उरलं नाही म्हणून? तेव्हाही कळलं नव्हतं, आजही वेगळं काढता येत नाही.

मग कर्नलची प्लेट आली.

डावा खुबा उथळ होता. प्रिन्सइतकाच. उजवा — उजव्याबद्दल मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कधी वाटतं ठीक होता, कधी वाटतं तोही गेलेला होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, कर्नल जरा तिरका झाला होता, म्हणून डावा असा दिसतोय. सांधे उत्तम आहेत. कुणी शंका घेतली नाही. आणि तो तिरका झालाही असेल! त्यानं टेबलावर धडपड केली होती, हे खोटं नाही. पण मग पुन्हा एक्स-रे का नाही काढला? दवाखाना तिथंच होता, कर्नल तिथंच होता. पुन्हा काढला असता तर कळलं असतं. म्हणून नाही काढला.

आता साळवे. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर. तेव्हा जवळच भाड्यानं राहायचे; कंपनीच्या बसची वाट बघत आमच्या फाटकाशी थांबायचे आणि कर्नलशी गप्पा मारायचे. पुढे रविवारी चहाला यायला लागले. कर्नलची पिल्लं झाली, रीतीप्रमाणे नराच्या मालकाला म्हणून एक माझ्या वाट्याला आलं, ते मी साळव्यांना दिलं. मोठ्या मनानं दिलं, असं मला वाटलं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं, शर्टाच्या आत धरून घरी नेलं आणि त्याचं नाव वाघ्या ठेवलं.

वाघ्या पाच-सहा महिन्यांचा असेल. मी सातपूरला, त्यांच्या नव्या कॉलनीत गेले होते. तो मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखा उड्या मारत पळत आला. पोरं हसली, साळवेही हसले. ती चाल मी ओळखत होते. माझ्याच लेक्चरात मी ती करून दाखवली होती.

पुढे त्याला उठायला त्रास व्हायला लागला. साळव्यांनी दोन खोल्यांचं घर नुकतंच बांधलं होतं. पॉलिश केलेली शहाबादी फरशी. त्यांची बायको, विमलवहिनी, ती रोज पुसून आरशासारखी ठेवायच्या. साळव्यांनी मला विचारलं, फरशीवर घसरून घसरून असं झालं असेल का? मी म्हणाले, असू शकेल.

बघा, हेही साफ खोटं नाही. गुळगुळीत फरशीनं असा सांधा आणखी बिघडतो. त्याच खेपेची दोन पिल्लं धडधाकट पळत होती, तीही कर्नलचीच. मग कुणाचं किती? कर्नलचं किती, फरशीचं किती, माझं किती? मी पुष्कळदा हा हिशेब मांडते आणि तो मध्येच फिसकटतो. पण त्या माणसानं मला विचारलं तेव्हा असलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. मला फक्त सुटका दिसली आणि मी ती घेतली.

नंतर एकदा गेले तर घरातून टकटक आवाज येत होता. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारी बाई छिन्नी-हातोडा घेऊन जमिनीवर बसली होती आणि दोन्ही खोल्यांची फरशी खडबडीत करत होती. विमलवहिनी उंबऱ्यात उभ्या, केसांत दगडाचा भुगा. मला बघून म्हणाल्या, "असू द्या बाई. जनावर उभं तर राहील." तेव्हा मी बोलायला हवं होतं. अर्धी फरशी तरी वाचली असती. मी वाघ्याला थोपटलं आणि चहा घेऊन घरी आले.

वाघ्या उभा राहिला नाही. शेवटी डॉक्टरांनी त्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन दिलं. वहिनींचं फडकं मात्र त्या फरशीवर रोज अडकत राहिलं, फाटत राहिलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी साळवे आमच्याकडे आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. कर्नलची पुन्हा पिल्लं झाल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. हो, मी त्याला पुन्हा लावला होता. नाही म्हणायला काही कारण द्यावं लागलं असतं.

"त्याच बापाचं एक द्या बाई," ते म्हणाले. "आता फरशी घसरत नाय. आता नीट वाढवतो."

त्या घरात आणखी एक अधू पिल्लू पाठवायचं माझ्यानं होईना. मी नाही म्हणाले. का ते सांगितलं नाही. पिल्लं ठरलेली आहेत, म्हणाले. पण मादीच्या मालकांनी गिऱ्हाइकं शोधायला माझ्याकडे ठेवलेली तीन अंगणात खेळत होती आणि ती त्यांना दिसत होती.

त्यांनी त्या पिल्लांकडे बघितलं.

"आमच्या घरी नको. असंच ना?"

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला त्याच क्षणी कळलं. आमचं आडनाव, त्यांचं आडनाव, त्यांच्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो, गंगापूर रोड आणि सातपूर — सगळं कळलं. तसं नव्हतं हो! पण तसं नाही म्हटलं असतं तर मग कसं, ते सांगावं लागलं असतं. प्लेटचं सांगावं लागलं असतं. मी त्यांचा चहा पुढे सरकवला. त्यांनी मला तसली बाई समजावं, हे मला कर्नलचा खुबा उघडा पडण्यापेक्षा परवडलं.

साळव्यांनी चहा संपवला. आजवर कधी केलं नव्हतं ते केलं — उठून अंगणातल्या नळावर कप स्वतः विसळला, कठड्यावर पालथा ठेवला आणि फाटक लावून गेले. मी व्हरांड्यातच बसून होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.