बांधालगतची ओळ

इथे परदेशात, कनाटाला, आमच्या शेजारी जावा बेटावरच्या एका खेड्यातला इंजिनिअर राहतो. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करता करता तो मला गावच्या गोष्टी सांगतो. आई अजून भातशेतीत उतरते, भावाने घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना दिल्यात आणि ते लोक हौसेने चिखलात लावणी करतात. जमीन मात्र घरातच राहिली. मी वरवर हसायचे, पण आत नुसता जळफळाट. भोरजवळची आमची भाताची खाचरं विकून आम्ही इथे घर घेतलं. तिथे आता रिसॉर्ट आहे.

गेल्या वर्षी हट्टाने त्याच्याच खेड्यात सुटीला गेलो. बाकीचे पाहुणे चिखलात पाय टाकताच किंचाळत होते. मी पँट दुमडून सरळ उतरले. ओळ सरळ यावी म्हणून घरच्यांनी दोरी बांधली होती. म्हटलं, दोरी कशाला? लहानपणी लावणी केलेली बाई मी, मला काय शिकवता? बांधालगतची अख्खी ओळ मी मागे सरकत, नुसत्या नजरेने लावली. त्याची आई बांधावरून हसून बघत होती. मला वाटलं, हिने ओळखलं मला.

परतल्यावर शेजाऱ्याने फोन पुढे केला. "बघा, तुम्ही गेल्यावरची गंमत."

व्हिडिओत त्याची आई पाहुण्यांनी लावलेली रोपं उपटून दोरीच्या रेषेत पुन्हा लावत होती.

"दर वेळी असंच करते," तो म्हणाला.

मी माझी ओळ शोधली. तिने सुरुवातच तिथून केली होती.