औषधं नावाचा बस्ता

नणंदेनं पुण्याहून तो ई-रीडर आणला तेव्हा मामाजींना अंथरुणाला खिळून पाच महिने झाले होते. मामाजी म्हणजे माझे सासरे. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती, आणि डाव्या एका हातात पुस्तक धरणं त्यांना जमत नव्हतं. नणंद म्हणाली, हे अगदी हलकं आहे, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, आणि एकदा चार्ज केलं की दोन-तीन आठवडे बघायला नको. तिच्या नवऱ्यानं त्यात सहाशेच्या वर पुस्तकं भरून दिली होती. जशी सापडली तशी. दिवाळीचे चार दिवस राहून ती गेली आणि तो रीडर मामाजींच्या उशाशी पडून राहिला.

आमचं घर दिग्रसला, एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या गल्लीत. माझे मालक तिथेच फिटर होते. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं कापूस आतूनच खाल्ला. वेचणीला बाया जायच्या आणि अर्धी ओटी घेऊन परत यायच्या. एरवी उन्हाळा लागेपर्यंत आमच्या खिडकीच्या जाळीवर कापसाची लव चिकटलेली असायची. त्या वर्षी संक्रांतीलाच जिनिंग बंद पडलं. महिनाभर मालक घरी बसले, मग ओळखीतून गुजरातेत एका सूतगिरणीत काम मिळालं आणि ते गेले. सासूबाई केव्हाच गेल्या होत्या, आम्हाला मूल नाही. घरात मामाजी आणि मी, दोघंच उरलो.

मामाजी तहसिलीतल्या अभिलेख कक्षातून निवृत्त झालेले. सगळा जन्म जुन्या कागदांचे बस्ते बांधण्यात आणि सोडण्यात गेलेला. बस्ता म्हणजे लाल कापडात गुंडाळलेला फायलींचा गठ्ठा. कडक माणूस, पण आवाज कधी चढवला नाही. मी लग्नाआधी चार वर्षं घाटंजीच्या एका वाचनालयात काम करायची. लग्नानंतर महिनाभरानं मी त्यांना विचारलं होतं, की इथल्या वाचनालयात जागा आहे, जाऊ का? ते पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, आपल्या घरची सून लोकांना पुस्तकं वाटत बसणार नाही. तेवढंच. विषय संपला, तो अकरा वर्षं संपलेलाच होता.

मालक गेल्यावर माझं घराबाहेर पडणं बंद झालं. मामाजी दोनदा आपले आपण उठायला गेले होते आणि दोन्ही वेळा खाटेखाली सापडले होते. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, यांना एकटं सोडायचं नाही. शेजारच्या काकू बाजाराच्या दिवशी तासभर येऊन बसायच्या, तेवढ्यात भाजी, किराणा, मेडिकल. एरवी ती एक खोली, तिच्यामागचं स्वयंपाकघर आणि धुणं वाळत घालायची मागची पडवी. समोरच्या रस्त्यानं बाया शेतात जाताना दिसायच्या, परत येताना दिसायच्या. त्यांचे हाल काय कमी होते? पण त्या ये-जा करत होत्या, याचाच मला हेवा वाटायचा. कधी कधी मी दाराशी उभी राहून उंबऱ्याबाहेर एक पाय ठेवायची, आणि आतून खोकला आला की परत घ्यायची.

रीडरचा मामाजींना आधी रागच होता. ते त्याला पाटी म्हणायचे. काही पुस्तकांत मराठी अक्षरं फुटलेली, वेलांटी भलत्याच अक्षराला लागलेली. काही पुस्तकं म्हणजे पानांचे नुसते फोटो, कितीही केलं तरी मोठे न होणारे. नावं तर अशी, की निम्म्यांना नुसते आकडे. एकच पुस्तक चार वेळा आलेलं. एका दुपारी मी त्यांच्यासमोर यादीची पानं सरकवत होते, आणि ते एकदम बोलले. इतक्या महिन्यांत हो, नाही, थांब एवढंच बोललेला माणूस. तोंड वाकडं करत, एकेक शब्द ओढत ते म्हणाले, "याचं दप्तर कोनं लावलं?"

मी हसले. मला वाटतं, त्या घरात त्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच हसले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दप्तर लावायला घेतलं. रीडरमध्ये संग्रह करायची सोय होती. संग्रहाला नाव द्यायचं आणि हवी ती पुस्तकं त्यात टाकायची. मला विषयवार लावायचं होतं, मला तेच येत होतं. मामाजींना ते पटेना. त्यांच्या कचेरीत कागदांचे वर्ग असत. अ म्हणजे कायम जपायचा कागद, ब म्हणजे पुष्कळ वर्षं ठेवायचा, क म्हणजे थोडी वर्षं, आणि ड म्हणजे वर्षभरानं फाडून टाकायचा. त्यांना पुस्तकं तशी लावायची होती. मी म्हणाले, असं केल्यावर एखादं पुस्तक शोधायचं कसं? त्यांनी डाव्या हाताचं बोट कपाळाला लावलं. म्हणजे इथून.

जेवणं झाली की मी खाटेशी स्टूल ओढायची. एक पुस्तक उघडायचं, पहिली दोन पानं मोठ्यानं वाचायची आणि त्यांच्याकडे बघायचं. ते बोटं दाखवायचे. एक बोट अ, चार बोटं ड. गुरांच्या रोगांवरचं एक जुनं पुस्तक त्यांनी अ मध्ये घातलं आणि एक जाडजूड चरित्र सरळ ड मध्ये. कारण विचारलं की म्हणायचे, खोटं आहे. कधी आमची जुंपायची. मी ब म्हणायची, ते चार बोटं धरून राहायचे, मी रीडर बंद करून स्वयंपाकघरात जायची, आणि पाऊण तासानं ते हाक मारायचे, "सूनबाई, तीन." म्हणजे क पर्यंत आले. या भांडणांनी त्यांची जीभ मोकळी होत गेली. दिवसाला आठ-दहा पुस्तकं व्हायची. माघ सरला, फाल्गुन सरला, ऊन तापायला लागलं, कूलरला पाणी भरायचं काम वाढलं.

त्याच दिवसांत मी स्वतःचा एक संग्रह केला. त्यांना वाचून न दाखवता, गुपचूप. एकोणीस पुस्तकं होती. जहाजानं फिरलेल्या माणसांची प्रवासवर्णनं, कोकणच्या किनाऱ्याचा भूगोल, एका बाईनं लिहिलेली तिची हकीकत, पोहायला शिकवणारं एक पुस्तक, ग्रंथालयाच्या परीक्षेची जुनी गाईडं. मला पोहता येत नाही आणि मी समुद्र पाहिलेला नाही. मामाजींना फिजिओथेरपीवाले मालिश करायला यायचे तो अर्धा तास माझा असायचा. मी पडवीत बसून त्यातली चार-पाच पानं वाचायची. संग्रहाला नाव दिलं, औषधं. त्या नावाखाली कोणी बघणार नाही असं वाटलं.

पण मामाजींचा डावा अंगठा आता पाटीवर चालायला लागला होता. एका दुपारी मी धुणं वाळत घालून आले आणि रीडर हातात घेतला, तर औषधं नव्हतं. अ, ब, क, ड होते. मी दोनदा बंद करून चालू केला. नव्हतंच.

मी विचारलं, इथे एक औषधं होतं, ते कुठं गेलं?

मामाजी म्हणाले, "तोडलं."

एवढंच, आणि डोळे मिटले. पेपरातून मान वर न करता बोलले होते तसंच मला ते वाटलं. मी रीडर खाटेवर ठेवला, खांद्यावरचा ओला पंचा खुर्चीवर टाकला, पायांत चपला सरकवल्या आणि बाहेर पडले. काकूंना सांगितलं नाही. दार नुसतं लोटून घेतलं.

भर दुपारी तीनची वेळ. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. मी चालत एसटी स्टँडवर गेले आणि बाकावर बसले. जवळ पिशवी नव्हती, पाण्याची बाटली नव्हती. यवतमाळची गाडी लागली, माणसं चढली, ती गेली. मग पुसदची लागली. वाहकानं दारातून विचारलं, पुसद का? मी नाही म्हटलं. ती पण गेली. मला कुठे जायचं नव्हतं. ज्या ज्या ठिकाणाची नावं मला ठाऊक होती, तिथे गेल्यावर काय करायचं ते मला सुचेना. बसून बसून राग निवला आणि मामाजी घरी एकटे आहेत हे आठवलं. मी उठले, आणि अर्ध्या वाटेपासून पळायलाच लागले.

मामाजी खाटेखाली होते. डाव्या कुशीवर, भिंतीला टेकून. धोतर ओलं झालं होतं. डोक्याला लागलं नव्हतं, कोपर खरचटलं होतं. मला बघून म्हणाले, "आली?"

मी त्यांना उचलायला गेले. एकटीला जमेना, दोनदा प्रयत्न करून मीच खाली बसले. काकूंच्या घराला कुलूप होतं. त्यांचे मालक सहाला कचेरीतून येणार, तोवर कोणी नव्हतं. मी मामाजींच्या पाठीशी उशी लावली, धोतर बदललं, पाणी पाजलं. मग आम्ही दोघं तसेच फरशीवर बसून राहिलो, शेजारी शेजारी, भिंतीला टेकून.

मग ते म्हणाले, "औषधात औषध नोतं."

मला आधी कळेना. मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. औषधं नाव पाहून त्यांनी आपल्या गोळ्यांची काही माहिती असेल म्हणून ते उघडलं होतं. आत जहाजं, समुद्र, परीक्षा. त्यांना वाटलं, माझ्याकडून चूक झाली, चुकीच्या बस्त्यात चुकीचे कागद बांधले गेले. असा बस्ता सापडला की तो सोडायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. म्हणून सोडला.

"ती माझी होती," मी म्हणाले. "चुकून नाही ठेवली. मीच ठेवली."

"मंग नाव खोटं काहून ठेवलं?"

"खरं नाव असतं तर तुम्ही ठेवू दिलं असतं का?"

 मला वाटलं, काहीतरी सांभाळून घेतील, निदान गप्प बसतील. त्यांनी तोंड जुळवलं, आणि म्हणाले, "नाही."

मला रडू यायला पाहिजे होतं. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. अकरा वर्षांत त्या घरात मला कोणी इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं.

मी हात लांब करून खाटेवरचा रीडर घेतला. सगळ्या पुस्तकांची यादी उघडली आणि सहज चाळता चाळता पोहण्याचं पुस्तक दिसलं. मग भूगोल. संग्रह मोडला तरी पुस्तकं जात नाहीत, ती नुसती पुन्हा गर्दीत मिसळतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी ते मामाजींना सांगितलं. ते म्हणाले, "लिही." आणि त्यांनी डोळे मिटून एकेक नाव सांगायला सुरुवात केली. एकदाच पाहिलेली यादी. सांगता सांगता जीभ अडखळायची, मग ते पहिलं अक्षर हवेत बोटानं काढून दाखवायचे. एकोणीसपैकी सतरा त्यांनी सांगितली. सहा वाजता काकूंचे मालक आले आणि त्यांनी आणि मी मिळून मामाजींना खाटेवर घेतलं, तेव्हा संग्रह पुन्हा लागला होता. नाव मामाजींनीच सांगितलं. सूनबाईचा.

त्यानंतर काही बदललं असं नाही. दार तेच, खोली तीच, बाजाराचा तासच तेवढा माझा. त्यांनी माझी माफी मागितली नाही, मी त्यांना सोडून गेले होते ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. दुपारी आधी त्यांच्या अ मधलं वाचायचं, मग माझ्यातलं, असं ठरलं. माझ्यातलं सुरू झालं की ते बहुतेक झोपायचे. जहाज बुडण्याच्या जागी मात्र एकदा जागे राहिले होते, आणि कप्तानाची चूक कुठे झाली ते मला सांगत बसले होते.

पुढच्या पौषात ते गेले. मालक आले, नणंद आली. तेराव्यानंतर नणंद म्हणाली, रीडर तूच ठेव वहिनी. मालक पुन्हा गुजरातेला गेले. जिनिंग सुरू झालं होतं, पण तिथे आता फिटर दुसरा होता.

फाल्गुनात मी चष्मा करायला यवतमाळला गेले. एकटी, एसटीनं. दुकानदारानं डोळे तपासले आणि काच बसवायला दोन तास लागतील म्हणाला, तोवर बाजारात फिरून या. मी बरं म्हटलं आणि तिथल्याच बाकावर बसले. थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, ताई, जाऊन या, समोरच सगळी दुकानं आहेत. मी दारापर्यंत गेले. रस्ता वाहत होता. कोणी वाट बघत नव्हतं, कोणाला काही सांगायचं नव्हतं, दोन तास पूर्ण माझे होते. मी थोडा वेळ तिथे उभी राहिले आणि परत येऊन बाकावर बसले. पिशवीत रीडर होता, तोही काढला नाही. चष्मा तयार होईपर्यंत बसूनच राहिले.