पहिले येतील ते पाच

दत्ताभाई गेल्याचं मला पदेराकडून कळलं. सकाळी पाव मोजून देता देता तो म्हणाला, "तुमचे ते मासे मोजणारे भाई गेले म्हणे. फोंड्याला, लेकीकडे. झोपेतच." पदेर सायकल ढकलत पुढच्या घरी गेला तरी मी पाव हातात धरून दारातच उभी... रडू नाही आलं. आधी मनात आलं ते हे, की सांगायचं राहिलंच. एक वाक्य मी दीड वर्ष गिळून बसले होते आणि ज्याला ते ऐकवायचं तो माणूसच उठून गेला.

भाई आमच्या ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त. मासळीच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून त्यांचा जन्म गेला. ते निवृत्त झाले त्याच सुमारास आम्ही चोपड्याला नदीकाठचं तळं घेऊन त्यात काळुंदर मासळी सोडली होती. दर दुसऱ्या रविवारी भाई पिशवी घेऊन यायचे. पिशवीत एक फळी, तिच्यावर खिळ्यांनी ठोकलेली पट्टी, सोनाराकडे असतो तसा लहान काटा आणि कात्री. आधी माशाची लांबी, मग वजन, मग पोट चिरून काळीज वेगळं काढायचं आणि त्याचं वजन. यकृताला भाई काळीजच म्हणत. मी जन्मभर मासे साफ केले आणि हे सगळं मांजराला टाकलं. भाई म्हणायचे, "वयनी, तुमच्या मांजराक माज्यापेक्षा चड कळता." लांबीच्या मानाने वजन भरलं तर मासा अंगाने बरा. पण गाबोळी भरलेली मादी उगाच जड लागते, म्हणून गाबोळी वेगळी तोलून वजा करायची. आणि मासा उपाशी पडला की अंगाच्या आधी काळीज झिजतं, हे मला त्यांनीच शिकवलं. पन्नाशी उलटल्यावर शिकले, पण शिकले.

त्यांचा नियम एकच. "जाळ्यांत पयले येतले ते पाच. वेंचून काडूं नाकात." निवडायचे नाहीत, जे येतील ते आणायचे. भाईंचे गुडघे धरलेले, त्यांना बांधावरून खाली उतरता येत नसे. ते पडवीत फळी मांडून बसायचे आणि जाळं टाकून बालदीतून मासे आणायचं काम माझं. आता ऐका माझी अक्कल. मोजून झालं की त्याच माशांचं हुमण व्हायचं आणि भाई आमच्याकडेच जेवायचे. घरी आलेल्या माणसाच्या ताटात बारीक, काटेरी मासा वाढला तर माझ्या सासूबाई वरून खाली उतरतील! म्हणून मी जाळ्यातला एखादा रोडका मासा परत पाण्यात सोडायची आणि दुसरा चांगला भरलेला घ्यायची. आधी एकच. पुढे पुढे पाचही. ही लबाडी आहे असं एकदाही मनात आलं नाही, देवाशपथ. भाई वहीत आकडे लिहायचे आणि खूश होऊन म्हणायचे, "वयनी, तुमचें तळें बरें आसा." मग मी त्यांना अजून एक डाव भात वाढायची.

चतुर्थी झाली, ऊन तापलं आणि एका सकाळी मासे उलटे तरंगायला लागले. सगळं तळं ओढून काढलं तेव्हा दिसलं... डोकी मोठी, पाठी सुरीच्या धारेसारख्या. तळ्यात मासे जास्त झाले होते आणि खाणं पुरत नव्हतं. दोन महिने आधी कळलं असतं तर निम्मे विकून उरलेले वाचवता आले असते. त्या दिवशी भाई गुडघ्यांना न जुमानता बांध उतरून खाली आले. तिथेच बसून त्यांनी बारा मासे चिरले. एकेकाचं काळीज दोऱ्याएवढं. हात धुतले, वही उघडली, मागचे आकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चूक माज्या हाताची, वयनी. काट्याची न्हय." हे त्यांची समजूत घालत होते. मी बालदी घेऊन बाजूलाच होते. "भाई, मी निवडून देत होते," एवढंच म्हणायचं होतं. ह्यांच्या रागाला भ्याले असं आजवर मी स्वतःला सांगत आले. ते खोटं. मला लाज वाटली.

त्यानंतर भाईंनी मोजणं सोडलं. हरमलला एकाने तळं केलं होतं, तो त्यांना बोलवायला गेला. भाई त्याला म्हणाले, "आता माज्या मापार विसंबू नाकात." त्या माणसानेच मला बाजारात हे सांगितलं, आणि वर म्हणाला, "वय झालं ना त्यांचं." मी मान हलवली. होय, मान हलवली मी. उद्या सांगू, दिवाळीला सांगू, असं करता करता भाई लेकीकडे फोंड्याला राहायला गेले. फोनवर दोनदा बोलले, ते गुडघ्यांबद्दल.

बाराव्याला आम्ही दोघं गेलो. निघताना लेकीने फळी आणि काट्याची पिशवी माझ्या हातात दिली. "बाबा म्हणायचे, वयनीला दे, तिला आता सगळं येतं." मग हळूच म्हणाली, "काकांचं तळं आपल्या मापामुळे गेलं, हे मात्र त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही." मी तोंड उघडलं, पण घरात माणसं होती... परतीच्या बसमध्ये ह्यांना सगळं सांगितलं. घराचं कुलूप काढताना हे म्हणाले, "त्याला सांगायचं होतंस गो."

म्हणून हे लिहिते आहे. लेकीने वाचावं, हरमलच्या त्या माणसाने वाचावं. भाईंचा हात शेवटपर्यंत नीट होता. त्यांच्यापुढे जो मासा ठेवला त्याचं माप त्यांनी खरंच लिहिलं. मासे मी खोटे ठेवले.

तळ्यात आम्ही नंतर पुन्हा मासे सोडले होते; गेल्या रविवारी मी त्यात जाळं टाकलं. पहिले पाच काढले. तिसरा रोडका निघाला, आणि सवयीने हात त्याला परत पाण्यात सोडायला गेला. थांबवला. बालदी घेऊन वर आले, पडवीत फळी मांडली. माशाचं तोंड जिथे टेकवायचं तिथे भाईंच्या अंगठ्याने लाकूड झिजून खोलगट झालं आहे. तो रोडका मासा मी तिथे नीट टेकवला, पट्टीवरचा आकडा वाचला, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.