बोटीवरचं गोड

कुठलाही गोड पदार्थ समोर आला की काका आधी करंगळीच्या नखानं त्याचा एक कोपरा मोडायचे, नाकाशी न्यायचे आणि तोंडात टाकायच्या आधीच निकाल द्यायचे, "दिसायला राणी, चवीला पाणी." निकाल फारच वाईट असला तर एवढंच म्हणायचे, "बोटीवरचं दिसतंय." याहून मोठी शिवी त्यांच्याकडे नव्हती.

चिंचवडला आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये ते मुख्य आचारी होते. त्याआधी वीस-बावीस वर्षं परदेशी बोटींवर. माल वाहणाऱ्या बोटी नव्हेत, श्रीमंत माणसं नुसती हवा खायला महिना-महिना ज्यांतून फिरतात, त्या. तिथल्या भटारखान्यात ते गोडाच्या खात्यावर होते. सगळा कारखाना त्यांना 'बोटवाले' म्हणायचा. मी काका म्हणत असे. मी कँटीन कमिटीवर निवडून आलो होतो, म्हणून ते मला 'मेंबर' म्हणत. ते मूळचे रत्नागिरीकडचे. बायको वारली होती, मुलगी लग्न होऊन तिकडेच होती. इथे रहाटणीला एका शेतकऱ्याच्या घराशेजारी खोली घेऊन एकटे राहत.

मी नगर जिल्ह्यातून आलेला. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी हमखास विषय काढायचं.

"बोटवाले, तिथं गोडाला काय असायचं हो?"

"बारा प्रकार. रोज बारा. चांदीच्या वाडग्यांत."

"बारा?" ऐकणाऱ्याचा हात ताटातच थांबायचा.

"एका पातेल्यातलं बारा वाडग्यांत. हिरवा रंग घातला की पिस्ता, लाल घातला की स्ट्रॉबेरी. पिस्ता त्या बोटीवर कोणी पाहिलेला नाय. अंडी पावडरीची, साय डब्यातली. केक एका बंदरात भाजायचा, तो दुसरं बंदर येईस्तोवर चालवायचा. सुकला की पाकात बुडवायचा. पाकातही मऊ पडेना, तर त्यावर दारू ओतायची. मग मडमा म्हणणार, वा!"

"मग एवढी मोठी माणसं खातात कशी?"

"वाजंत्री असते ना. शेजारी बँड वाजत असला की माणूस काय वाट्टेल ते गिळतो, मेल्या."

आम्ही हसायचो. पण खरं सांगू का, आमचा त्यांच्यावर पुरता विश्वास नव्हता. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी मुंबईला चार वर्षं काढून येतात आणि मुंबईला नावं ठेवतात. आम्हाला वाटायचं, त्यातलेच हे. चांदीच्या वाडग्यातलं वाईट असतं हे पटायला माणसानं आधी चांदीच्या वाडग्यात खाल्लेलं असावं लागतं.

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. म्हणून बुधवारी जेवणात गोड असायचं. त्यांचा शिरा, त्यांची लापशी, त्यांची गव्हाची खीर यांच्यापुढे मी अजून कोणाचं नाव घेत नाही. आठशे माणसांचा शिरा, पण रवा स्वतः उभं राहून भाजणार. पिंपरी कॅम्पातल्या दुकानांतली मिठाई कोणी आणून दिली तर मात्र नाक मुरडायचे आणि वर म्हणायचे, "बरं आहे. हे निदान आजच केलेलं आहे."

'आज' हा त्यांच्या लेखी चवीचा पहिला गुण होता. हे मला फार उशिरा कळलं.

कंपनीला दहा वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. समारंभ ठरला. परदेशी भागीदार येणार होते. आमचे मॅनेजरसाहेब नुकतेच युरोपातून प्रशिक्षण घेऊन आले होते, आणि येताना साहेब आणि बाईसाहेब अशाच एका फिरत्या बोटीवर दहा दिवस राहिले होते. त्या दहा दिवसांनी त्या घराचं फार नुकसान केलं. बाईसाहेबांना त्यानंतर श्रीखंड गावंढळ वाटू लागलं होतं.

समारंभाच्या जेवणासाठी बैठक बोलावली, कमिटीचा म्हणून मीही होतो. बाईसाहेबांनी पर्समधून एक कार्ड काढलं. सोनेरी कडांचं. बोटीवरच्या गोडाच्या टेबलावर ठेवलेलं असतं ते. त्यांनी ते जपून आणलं होतं, आपण देवळातला अंगारा आणतो तसं.

"यातलं तुम्हाला काही जमेल का?" त्यांनी काकांना विचारलं.

काकांनी खिशातला चष्मा काढून लावला आणि कार्ड वाचू लागले. मग एकेका नावावर बोट ठेवून शांतपणे म्हणाले, "हा कालचा केक. हा परवाचा केक. आणि ह्याचं नाव फ्रेंच आहे, म्हणजे हा तेरवाचा."

मला हसू आवरलं नाही. साहेबांचा चेहरा लाल झाला.

"तुमचं मत विचारलेलं नाही. येतं का ते सांगा."

"येतं ना साहेब. तेच तर केलं जन्मभर."

आणि त्यांनी ते केलं. मंगळवारी संध्याकाळी, उन्हाळ्याच्या ऐन काहिलीत, हिरवळीवर मांडव घातला होता. पांढऱ्या चादरीच्या लांब टेबलावर बारा प्रकार. थरथरणारे, चकाकणारे, गुलाबी, हिरवे, पिवळे, वर साईचे कंगोरे. मधोमध बर्फाच्या लादीतून कोरलेला हंस. टूलरूममधून छिन्नी मागून नेऊन काकांनी तो दुपारभर कोरला होता. आम्ही सकाळच्या पाळीचे लोक घरी न जाता कुंपणाच्या जाळीपलीकडून बघत होतो. माझ्या शेजारचा फिटर म्हणाला, "आणि हा माणूस आपल्याला शिरा चारतो, राव."

परदेशी पाहुण्यांनी प्रत्येकातला एकेक चमचा खाल्ला, माना डोलावल्या आणि विचारलं, आंबा आहे का? मग त्यांनी हापूसच्या फोडींवर जो हात मारला, तो पेट्या संपेपर्यंत. बाराही प्रकार जवळपास जसेच्या तसे उरले. बाईसाहेब तेवढ्या दोनदा वाढून घेऊन खात होत्या, एकट्या.

साहेबांनी मग काकांना बोलावून सांगितलं, "हे उद्या कामगारांना द्या. बुधवार आहेच. त्यांनाही कळू दे, जगात लोक काय खातात."

"साहेब, सायीचं आहे. ह्या उकाड्यात उद्यापर्यंत टिकणार नाय."

"बोटीवर टिकतं ना?"

"टिकत नाय साहेब. टिकवतात."

साहेबांनी ते ऐकून घेतलं नाही. फाटकाजवळच्या फळ्यावर नोटीस लागली. साहेबांच्या मेजवानीतलं गोड उद्या सर्वांना. आमच्या पाळीतल्या माणसांना काय आनंद झाला म्हणून सांगू! कुरुळीहून सायकलीवर येणारा एकजण डबा घेऊन आला, पोरांना चव दाखवायला.

बुधवारी आम्ही रांगेत उभे राहिलो. ताटात खीर पडली. गव्हाची खीर.

"केक कुठंय?" कोणीतरी विचारलं.

"टाकला," काका म्हणाले.

आम्ही मागच्या बाजूला धावलो. खरकट्याच्या खड्ड्यात ते सगळं पडलं होतं, हिरवं, गुलाबी, पांढरं. आणि कोणी उचलून खाऊ नये म्हणून वर फिनेल ओतलेलं. त्या फिनेलनं आमचं डोकं फिरलं. कुत्र्यामांजरापासून राखावं तसं त्यांनी ते आमच्यापासून राखलं होतं!

"का टाकलं?" मी ओरडलो. काका म्हणणारा म्हणून नव्हे, मेंबर म्हणून.

"शिळं होतं."

"आम्ही घरी शिळंच खातो की! आम्हाला काय झालंय?"

"माझ्या हातनं शिळं देणार नाय."

एवढंच. कोणीतरी ताट ढकललं. मग दुसऱ्यानं. मग ओळीनं सगळ्यांनी. मीही ढकललं. आठशे माणसांची खीर तशीच राहिली, आणि ते हातात पळी घेऊन पातेल्यापाशी उभे होते.

गुरुवार सुट्टीचा. शुक्रवारी अर्ज लिहायचं ठरलं. माझं अक्षर चांगलं म्हणून मी लिहिला. 'सदर आचाऱ्याने कामगारांच्या तोंडचा घास हेतुपुरस्सर हिरावून घेतला असून' वगैरे. भाषेचा मला फार अभिमान होता. पहिली सही माझी. साहेबांना तर हेच हवं होतं. कार्डावरचं ते बोट त्यांच्या मनात रुतून बसलेलं. "कामगारांचीच तक्रार आहे, मी काय करणार?" म्हणाले आणि शनिवारी काकांना कामावरून कमी केलं.

रविवारी कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्या बाईंनी मला थांबवलं. दिघीच्या त्या, कधी कोणाशी न बोलणाऱ्या.

"मेंबर, तुमी त्यो अर्ज लिवला व्हय?"

"हो. का?"

"त्या रातीला वीज गेलती. समदं फसफसलं व्हतं वो. मी वाडगी घासली, मला उलटी आली. त्यांनी पहाटं येऊन एकट्यानी खिरीचा गहू कांडला. तुमाला कुनी सांगितलं न्हाई?"

पाळी संपताच मी सायकल काढली आणि रहाटणी गाठली. काका खोलीबाहेर बाजेवर बसून ट्रंकेला दोरी बांधत होते. मला बघून म्हणाले, "बस, मेंबर. चहा ठेवतो." रागाचा मागमूस नाही. मला ते जास्त लागलं.

"काका, नासलं होतं हे सरळ सांगितलं का नाहीत?"

त्यांनी दोरीची गाठ ओढून घट्ट केली. मग बोलले.

"तांबड्या समुद्रात होतो आम्ही. असाच उकाडा. वरच्या टेबलावरचं कस्टर्ड तीन दिवस फिरून उरलं होतं. हुकूम आला, खालच्या खलाशांना द्या. बॉयलरवर माझ्या गावचा एकजण होता. माझ्याहून मोठा. मला बोटीवर लावलं त्यानंच. गोडावर जीव त्याचा. म्हणाला, दोन वाट्या दे. मी दिल्या." त्यांनी दोरीला दुसरी गाठ घातली. "मला वास आला होता, मेंबर. नाक आहे ना माझं. आला होता वास. पण हुकूम होता."

मी बाजेच्या कडेला टेकलो.

"पंधरा-वीस जण आजारी पडले. बाकीचे उठले. तो तिसऱ्या दिवशी गेला. कापडात गुंडाळून सोडला समुद्रात. मला बघायलाही वर जाऊ दिलं नाय. संध्याकाळच्या टेबलासाठी मी बर्फाचा हंस कोरत होतो. बँड चालू होता."

"मग बोट सोडलीत?"

"कसली सोडतो? पोट होतं, मुलगी होती. आणखी सहा वर्षं तेच केलं." त्यांच्या आवाजात तीच जुनी तुच्छता होती. ती कोणावर होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"हे आम्हाला सांगायचं होतं काका. कोणी अर्ज केला नसता."

"हे सांगितल्यावर माझ्या हातचं खाल्लं असतंस?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. तेवढा एक क्षण मला अजून परत घेता आलेला नाही.

मी अर्ज मागे घेतो म्हणालो, सगळ्यांना सांगतो म्हणालो. त्यांनी हात हलवला. "राहू दे. मुलगी बोलावतेच आहे." चहा ओतताना मग हळूच म्हणाले, "त्या दिवशीची खीर बरी झाली होती रे. एकानं तरी खायला हवी होती."

सोमवारी मी मशीन-मशीनपाशी जाऊन सगळ्यांना सांगितलं. खड्ड्याचं, विजेचं, त्या खलाशाचंही. फिटरनं ऐकलं आणि हातातला पाना खाली ठेवला. कुरुळीवाला डब्याकडे बघत राहिला. साहेबांकडे दुसरा अर्ज नेला तर ते म्हणाले, "तुम्ही लोक आधी ठरवत जा." ते मात्र बरोबर बोलले.

पाळी सुटल्यावर आम्ही वीस-बावीस जण सायकलींवरून रहाटणीला निघालो. पोचलो तर खोलीला कुलूप. बाज भिंतीला उभी लावलेली. शेजारच्या घरातून म्हातारी मालकीण बाहेर आली, एवढ्या सायकली बघून बिचकली.

"त्ये तर सकाळच्या यष्टीनं गेलं की, बाबांनो. कोकणात. आता न्हाई यायचं म्हनले."

आम्ही तसेच उभे. ऊन कलतं झालं होतं. एकानं पाणी मागितलं, तिनं कळशी आणि एकच पेला आणला. तो पेला सगळ्यांमधून फिरला.

"पत्र आलं त्यांचं तर सांगीन," म्हातारी म्हणाली. "कोन आलं व्हतं म्हनून सांगू?"

कोणीच नाव सांगितलं नाही. एकेकानं सायकल वळवली.