आइस्क्रीमची पैज

माझ्या मुलीच्या, सईच्या, बेसबॉल टीमचे कोच म्हणजे माझ्या डोक्याला रविवारचा ताप. जपानमधल्या कावासाकी शहरात नदीकाठच्या मैदानावर भल्या सकाळी पोहोचायचं, आयांनी आळीपाळीने चहाचे थर्मास आणायचे, आणि या माणसाकडून कधी सरळ उत्तर मिळायचं नाही. पूर्वी ते व्यावसायिक खेळाडू होते. खेळाडूने पैजेच्या जवळही फिरकायचं नाही, हा तिथला नियम त्यांच्या इतका अंगात मुरलाय की आज कोण जिंकेल विचारलं तरी टोपी काढून डोकं खाजवतात आणि म्हणतात, "बघू या." पाऊस येईल का विचारलं तरी तेच.

परवा चेंडू उंच उडाला आणि सई त्याच्याखाली धावली.

"सोडणार ती. आइस्क्रीमची पैज," आमचे शेजारी कुलकर्णी माझ्या नवऱ्याला म्हणाले.

"लागली," नवरा म्हणाला.

सईने कॅच घेतला. कुलकर्णी जवळच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, सगळ्यांसाठी आइस्क्रीम घेऊन आले. कोचनी कशाबद्दल म्हणून विचारलं, तर कुलकर्णींनी हसत हसत सगळं सांगून टाकलं. कोचनी सराव तिथेच थांबवला, मुलांसमोर कमरेत वाकून माफी मागितली आणि सगळ्यांना घरी पाठवलं. माझा चहा तसाच राहिला.

"आइस्क्रीमसाठी एवढं?" मी घरापर्यंत धुसफुसत होते. "अगं, गंमत होती ती," असं नवरा चारदा म्हणाला.

लिफ्टमध्ये सईने विचारलं, "आई, माझा कॅच सुटावा असं कुलकर्णीकाकांना वाटत होतं?"