स्तेपानला लावलेलं वळण

स्तेपान म्हणजे आमच्या शेजारच्या झिनातचा कॉम्प्युटर. झिनातला जन्मापासून दिसत नाही. लग्नाआधी ती बिश्केकला अंधांच्या कारखान्यात ब्रश बांधायची. आमच्या कोचकोर गावात सासरी आली ती कारखान्यानं मोडीत काढलेला हा करडा डबा रुखवतात घेऊनच. ती लिहील ते तो मोठ्यानं वाचून दाखवतो. आवाज एका रशियन पुरुषाचा, तोही सर्दी झालेल्या. तो किरगीझ बोलायला लागला की गुरांचा डॉक्टर भाषण ठोकतोय असं वाटतं. किरगीझ बोलणारा नवा आवाज निघालाय म्हणे, पण या म्हाताऱ्या डब्याच्या डोक्यात तो मावत नाही.

गावातल्या लग्नाबारशांची आमंत्रणं झिनातच लिहिते. पंचाईत झाली ती सासऱ्यांच्या सत्तरीच्या जेवणाचं आमंत्रण लिहिताना. आमच्यात सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं. झिनात कटाक्षानं 'बाबा' म्हणते. पण लिहिलेलं तपासायला तिनं कळ दाबली आणि घरभर पाहुण्या बसलेल्या असताना स्तेपान खणखणीत आवाजात म्हणाला, "कासिमअली."

सासूबाई, तोक्तोबूबू वहिनी, चहा ओतता ओतता थांबल्या.

"सूनबाई, हा कोणाचं नाव घेतोय?"

"आपा, तो फक्त वाचतो."

"उभ्या जन्मात मी ते नाव जिभेवर आणलं नाही, आणि हा माझ्याच घरची वीज पिऊन ते नाव घेतो? उद्यापासून मेंढ्यांत ठेव त्याला."

"तिथं थंडीनं मरेल तो. मग मी लिहू कशी?"

"मग वळण लाव त्याला. रशियन असला म्हणून काय झालं, राहतो किरगीझ घरात."

अमुक शब्द दिसला की तमुक म्हण, असं स्तेपानला शिकवता येतं. झिनातनं शिकवलं. पुढच्या खेपेला तो अदबीनं म्हणाला, "थोरल्या घरचे मालक." वहिनींनी त्याच्यापुढे चहाचा पियाला ठेवला. "आता कसा माणसात आला."

मी म्हटलं, "वहिनी, आमच्या सुनेलाही पाठवू का शिकवणीला?"

"आधी तुम्ही या, भावजी."

सत्तरी झोकात झाली. नंतर एका संध्याकाळी मी आमच्या दोन घरांमधलं कुंपण बांधत होतो. वहिनी गोठ्यात धार काढत होत्या. झिनातच्या उघड्या खिडकीतून कासिमअलींचा आवाज आला. हा माणूस वर्षाला दोन वाक्यं बोलतो, तीही घोड्याशी.

"पोरी, त्याला एवढं वळण लावायला नको होतं."

"का, बाबा?"

"आई गेली, थोरला भाऊ गेला. बरोबरीचेही गेले. आता जो तो मला आबा म्हणतो, नाहीतर मालक. नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही. यानं मारली, बरं वाटलं."

"आपांनी ऐकलं तर हा मेंढ्यांत जाईल, बाबा."

"ती गाईपाशी आहे."

कळा खटखटल्या. "कासिमअली," स्तेपान सर्दाळ आवाजात म्हणाला.

मग, "अजून एकदा."

कुंपणावरून मला गोठा दिसत होता. वहिनी धार आटोपून उठल्या होत्या, भरली बादली हातात. नाव ऐकून जागीच थबकल्या. मी मनात म्हटलं, गेला स्तेपान. वहिनींनी खिडकीकडे पाहिलं, बादली खाली ठेवली आणि पुन्हा गाईखाली जाऊन बसल्या. गाय मान वळवून बघायला लागली, कारण तिच्याकडे आता देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हल्ली त्या घरी संध्याकाळची धार काढायला भलताच वेळ लागतो. विचारलं तर वहिनी म्हणतात, "गाय म्हातारी झाली."