वडिलांचा नकाराधिकार

वडील गेले त्या दिवशी मी इंदापूरच्या कॉलेजात तास घेत होते. फळ्यावर अमेरिकेच्या संघसरकारची तीन अंगं लिहिली होती: काँग्रेस, अध्यक्ष, न्यायालय. शिपाई दारात आला. मी खडू ठेवला आणि बारामतीच्या एसटीत बसले.

तो धडा मी वडिलांकडूनच शिकले होते. ते बारामतीत राज्यशास्त्र शिकवायचे. आम्ही राहायला जवळच कन्हेरीत. विद्यार्थ्यांबद्दल त्यांची एक कायमची तक्रार असे. मुलांनी साखर कारखाना पाहिलेला असायचा. तिथे संचालकांमधूनच चेअरमन निवडतात, आणि संचालक उलटले की तो जातो. त्यामुळे पेपरात हमखास यायचं, की काँग्रेसने अविश्वास ठराव केला की अमेरिकेचा अध्यक्ष घरी जातो. "अरे, तो त्यांच्यातला नसतोच!" हे ते जेवताना आम्हालाच रागावून सांगत.

शेवटी त्यांनी ते सरकार घरातच मांडून पाहिलं. ते स्वतः अध्यक्ष. आई सिनेट, म्हणजे काँग्रेसचं वरचं सभागृह; मी आणि धाकटी बहीण मिळून खालचं. कायदे आम्ही करायचे, खर्चाला मंजुरीही आमचीच. आबा, म्हणजे माझे आजोबा, न्यायालय: नेमणूक तहहयात, पण कुणी तक्रार आणल्याशिवाय बोलायचं नाही.

"म्हंजी गप बसायची नोकरी," आबा म्हणाले. "आन् तुजी अध्यक्षकी किती दिस?"

"चार वर्षं, आबा."

"मग काढतो कळ."

त्या सरकारात फार मोठं काही ठरत नसे. भिंतीला रंग कुठला लावायचा, रेडिओ किती वाजता बंद करायचा, एवढंच.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा मी बी.ए. झाले. मला एम.ए.ला पुण्याला जायचं होतं, वसतिगृहात राहून. वडील नको म्हणाले. त्या दिवशी जेवताना बहिणीने ठराव मांडला आणि आम्ही तिघींनी हात वर केले. वडिलांनी नकाराधिकार वापरला आणि नियमाप्रमाणे कारणंही दिली. पुण्यात आपलं कुणी नाही. बी.एड. इथेच होतं. आणि तू तिकडे असलीस की मला झोप लागायची नाही. हे शेवटचं त्यांनी ताटाकडे बघत सांगितलं.

"नकार मोडायला आता दोन-तृतीयांश मतं लागतात," बहीण म्हणाली. "दोन्ही सभागृहांत."

आम्ही पुन्हा हात वर केले. आईच्या हाताला भाकरीचं पीठ होतं.

वडील उठले. "झाला कायदा. पण तिला पोचवायला मी जाणार नाही."

मी पडवीत जाऊन आबांकडे तक्रार केली. त्यांनी वडिलांना हाक मारली.

"कायदा झाला का न्हाय?"

"झाला."

"मग तुजं काम काय ऱ्हातं?"

"अंमलबजावणी."

"मग कर की."

"आणि नाही केली तर? तुमच्याकडे ना पोलीस, ना तिजोरी."

"न्हाय केलीस तर न्हाय केलीस. मी काय करनार हाय?"

वडील वर्गात हेच शिकवत. न्यायालयाच्या हातात निकालापलीकडे काही नसतं; बाकीचे दोघे मानतात म्हणून तो चालतो. पण ते स्वतः मानतील का, हे मला जायच्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. त्यांनी तो विषयच काढला नाही.

त्या सकाळी उठले तर माझी ट्रंक जागेवर नव्हती. वडील अंगणात ती सायकलच्या कॅरिअरला बांधत होते. पुण्यापर्यंत ते माझ्याबरोबर आले. एसटीत ट्रंक सीटखाली सरकवताना म्हणाले, "मला अजून पटलेलं नाही."

एम.ए. झाल्यावर मला इंदापूरला नोकरी लागली. आबा त्याआधीच गेले होते. बहीण सासरी गेली.

वडिलांचं सगळं उरकल्यावर मी कॉलेजात परतले आणि राहिलेला धडा पुरा केला. एका मुलाने विचारलं, "मॅडम, पण अविश्वास ठराव करून अध्यक्षाला खाली खेचता येतंच की?" मी त्याला कारखान्यापासून समजावलं.

आता कन्हेरीच्या घरात आई आणि मी राहतो. एखादी गोष्ट आम्ही ठरवली की ती ठरते. नको म्हणणारं कुणी नाही.